भावाचं नाव

चामराजपेट, बेंगळूर
शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९९७

सुनंदा,

आशीर्वाद, खुशाली सगळं नंतर. आधी एवढंच सांग, बसवंत भावजी सोमवारी अचानक बेंगळूर सोडून गावी का निघून आले?

आपलं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली. सख्ख्या भावांनी सोनं आटवायच्या भट्ट्या वेगळ्या केल्या आणि आपण दोघी जावांनी तोंडं फिरवली. तू गावी गेलीस, भावजी इथेच नगरतपेटेत राहिले. आमच्या भट्टीपासून चार दारांवर त्यांची भट्टी, तरी दोघे एकमेकांसमोरून मान खाली घालून जायचे. ते सगळं मी आज उकरून काढत नाही. पण सोमवारी त्यांच्या भट्टीला कुलूप लागतं आणि बुधवारी दुपारी आमच्या भट्टीवर पोलीस येतात, याचा अर्थ मी काय लावू?

साध्या कपड्यातली चौघं होती. बाहेर पांढरी मॅटाडोर उभी. हे मूस उतरवत होते. एकाने कृष्णात कोण म्हणून विचारलं, "कृष्णात यारू?" ह्यांनी मान वर केली तोच दोघांनी दंड धरले आणि गाडीत कोंबलं. भट्टीत होतं ते सगळं सोनं रुमालात बांधून नेलं. लोकांचं होतं ते, आटवायला आलेलं. कागद नाही, सही नाही, कुठे नेतो ते सांगणं नाही. शेजारच्या पॉलिशवाल्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा मला कळलं, आणि आता तोच म्हणतो मी काही बघितलं नाही.

सुनंदा, मागच्या खोलीतल्या लाकडी फळीच्या आड आमची सोनं ठेवायची डबी असायची. पोलिसांनी इकडे तिकडे शोधलं नाही. सरळ आत गेले, फळी उचकटली, डबी काढली. ती फळी बसवंत भावजींनी सुतार आणून बसवून घेतली होती, एकत्र असताना. ती ह्यांना, मला आणि भावजींना, आम्हा तिघांनाच माहीत.

फोन करणार होते. पण तो सोसायटीच्या दुकानात वाजतो आणि अर्धा गाव ऐकतो, म्हणून लिहिते. मामंजींना यातलं काही सांगू नकोस. मी अजून कुणाच्या दारात गेलेली नाही. आधी तुझं उत्तर हवं. खोटं लिहिशील तर मला कळेल, तुझं अक्षर खोटं लिहिताना तिरकं जातं.

सकवार


बुधवार, १९ फेब्रुवारी

सुनंदा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल म्हणावं, तर आपल्या विट्याकडे इथून पत्र कधी चुकलेलं मला आठवत नाही.

गेल्या पत्रात मी कुणाकडे गेले नाही असं लिहिलं, ते खरं नव्हतं. तुला सगळं कळवावं की नाही याचीच मला खात्री नव्हती. अजूनही नाही. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

ह्यांना नेलं त्याच दिवशी संध्याकाळी मी जयसिंगरावांकडे गेले होते. तुला माहीतच आहे, आपल्या भागातला कुठलाही पोरगा गलाईचं, सोनं गाळायचं काम शिकायला बेंगळूरला उतरला की पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवतो. पोलिसांची भानगड झाली की तेच मिटवतात. ते म्हणाले, "सकवार, गडबड करू नगंस. चोर सापडलाय, आपल्या गल्लीत चेन विकली म्हणतोय, चेन सापडंना. पोलिसांना काय तरी दाखवाय लागतंच की. वितळलेल्या सोन्यावर कुणाचं नाव असतंय व्हय? थोडं सोनं दिऊ, कृष्णात घरी येईल."

मी माझ्या पाटल्या काढून दिल्या. त्यालाही आठवडा होत आला.

मी विचारलं, "आमच्याच भट्टीवर नेमके कसे आले? आपल्या माणसांच्या गल्लीत कितीतरी भट्ट्या आहेत."

ते जरा थांबून म्हणाले, "घरातलंच कोण तरी बोललं आसंल."

माझ्या मनात जे होतं तेच त्यांनी बोलून दाखवलं. तरी त्यांचं ते थांबणं मला आवडलं नाही.

रोज सकाळी मी स्टेशनात जाते. रोज तेच उत्तर, "इल्ला अम्मा, अंथवरू यारू इल्ला." असं कुणी इथे नाहीच. काल एक हवालदार चिडला, म्हणाला तुझा नवरा दुसऱ्या बाईकडे गेला असेल, तिकडे बघ. मी तरी बाकावरून उठले नाही. बसले होते तेव्हा आतून आवाज आला. एकदाच. "आई गं."

इथला माणूस कळवळला की "अम्मा" म्हणतो, सुनंदा. चौदा वर्षं इथे राहते मी. त्या स्टेशनात "आई गं" म्हणणारा दुसरा कोण असेल?

मी उठून आत धावले तर दारातच अडवलं. तोच हवालदार हसून म्हणाला, रेडिओ आहे.

भावजींना हे वाचून दाखव. नुसतं आपल्यापाशी ठेवू नकोस. त्यांच्या तोंडाकडे बघत वाच आणि काय दिसलं ते मला कळव.

सकवार


मंगळवार, २५ फेब्रुवारी

सुनंदा,

हे सापडले. सापडले म्हणजे पोलिसांनी दाखवले.

झालं ते असं. आमच्या घरमालकीणबाईंनी मला एका वकीलबाईंकडे नेलं. मैत्रेयी नाव. आडनाव आपल्यातलं नाही, पण मराठी बोलतात. त्यांचे पणजोबा की कोण इकडे नोकरीला आले, तेव्हापासून इथलेच. त्यांचं मराठी ऐकून आधी वाटलं थट्टा करतात. "अक्का, तुम्ही स्वल्प बसा, मला सगळं खरं सांगायचं हं, सरी?" सरी म्हणजे बरं का.

मी थोडं सांगितलं, थोडं ठेवलं. पैसे किती विचारलं तर म्हणाल्या, मग बघू. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. फी न सांगणारा वकील कोण असतो? पोलिसांचीच बाई नसेल कशावरून? मी तसं तोंडावर विचारलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला पण तुमची शंका येते, अक्का. तुमच्यासारख्या बायका आधी येऊन गेल्या. मी याचिका लिहिली, पोलिसांनी नवरा सोडला, की त्या परत आल्याच नाहीत. कोर्टात मी एकटी उभी. तुम्ही पण मधेच काढून घेणार असाल तर आत्ताच सांगा. मी लिहीत नाही."

मी सही केली. याचिका माझ्या नावाची आहे, माझा माणूस पोलिसांनी नेला, त्याला कोर्टापुढे आणा अशी, हायकोर्टात. त्यांनी सांगितलं की डिसेंबरातच सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय, माणूस पकडला की जागेवर कागद करायचा, साक्षीदाराची सही घ्यायची, घरच्यांना कळवायचं. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा हे तर पहिल्यापासूनचंच. मी म्हणाले, हे स्टेशनातल्यांना कुणी सांगितलं का? त्या हसल्या, पण बरं हसल्या नाहीत.

गुरुवारी याचिका दाखल झाली. शुक्रवारी सकाळी पोलिसांनी ह्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. कागदावर लिहिलं होतं, आदल्या संध्याकाळी मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर संशयावरून पकडलं. मग बुधवारी भट्टीवरून नेलेला तो कोण?

मी कोर्टात मागे उभी होते. हे दोन पोलिसांच्या मधे. दाढी वाढलेली, हात पोटाशी धरलेले. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, पोलिसांनी मारहाण केली का, काही तक्रार आहे का? ह्यांनी मान हलवली. नाही.

मी ओरडणार होते. मैत्रेयीबाईंनी मनगट दाबलं.

आता जेलमध्ये आहेत. भेटायला गेले तर जाळीपलीकडून "पोरं शाळेत जातात का" एवढंच विचारलं. मी बसवंत भावजींचं नाव काढलं मात्र, आणि हे उठून आत गेले. भेटीची वेळ संपली नव्हती.

आता मला सांग, धाकट्या भावाचं नाव ऐकून जो माणूस उठून जातो, त्याला काय कळलं असेल? तुझं गप्प बसणं हेच मी उत्तर धरते.

सकवार


गावाहून
शनिवार, १ मार्च

सकवारअक्कांना सुनंदाचा नमस्कार.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण तुम्हांला काय लिहावं आणि ते पुढे कुणाच्या हातात पडेल याचा मला भरवसा नव्हता. आजही नाही. तरी लिहिते, कारण तिसरं पत्र वाचून माझं डोकं फिरलं.

तुम्ही विचारता हे सोमवारी का आले. अक्का, हे आले नाहीत, ह्यांना आणलं. बसमधून कंडक्टरने आणि एका प्रवाशाने उचलून खाली उतरवलं. तळपाय एवढे सुजले होते की जमिनीला टेकवत नव्हते. मी हळद लावायला बसले तर ह्यांनी उशी तोंडात धरली.

शनिवारी पोलिसांनी उचललं होतं. तुमच्या आधी, ह्यांना. आधी ह्यांची भट्टी फोडली. तुमच्या त्या फळीचं मला सांगू नका. ह्यांनी स्वतःच्या भट्टीतही त्याच सुताराकडून तशीच फळी बसवून घेतली होती, अगदी त्याच जागी. एक फोडल्यावर दुसरी सापडायला काय लागतं?

त्यांनी सगळं सोनं घेतलं आणि म्हणाले, भावाचंही नाव दे, चेन त्याने आटवली म्हण, त्याच्याकडे मोठी भट्टी आहे. ह्यांनी दिलं नाही. रविवारी रात्री रस्त्यावर सोडून दिलं. हे लंगडत जयसिंगरावांकडे गेले आणि म्हणाले, दादाला सांगा, भट्टी बंद करा, चार दिवस कुठेतरी जा, ते त्याच्यावरही येणार. दादांच्या दारात स्वतः गेले नाहीत, कारण दोन वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणाला होता की माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली.

जयसिंगरावांनी तुम्हांला सांगितलं नाही? मग त्यांना विचारा. मला काय विचारता?

आणि आता मी विचारते. परवा विट्याचे पोलीस आणि तुमच्याकडचे दोघं आमच्या दारात आले होते, बसवंत कुठाय म्हणत. त्यांना गल्ली माहीत, घर माहीत, परसातलं दार गोठ्यातून निघतं हेसुद्धा माहीत. एक जण आधीच मागे जाऊन उभा राहिला होता. मामंजी तेव्हापासून जेवत नाहीत. हे दोन दिवस आधी दुसरीकडे गेले होते म्हणून वाचले. कुठे ते मी लिहिणार नाही.

गोठ्याचं दार बेंगळूरच्या पोलिसाला कुणी सांगितलं, अक्का? ते घर बघितलेलं बेंगळुरात दुसरं कोण आहे?

सुनंदा


चामराजपेट
शनिवार, १५ मार्च

सुनंदा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागाने ते चुलीपाशी टाकलं होतं. मी पोलिसांना काही सांगितलेलं नव्हतं. मी शपथ घेत नाही, कारण माझ्यावर विश्वास ठेवायचं तुला काही कारण नाही. पण मग रात्रभर एकच हिशोब करत बसले. तू नाही, मी नाही, भावजी नाहीत. मग गोठ्याचं दार आणखी कुणाला माहीत?

आधी जयसिंगरावांकडे गेले. चार माणसं बसली होती त्यांच्यासमोरच विचारलं, "बसवंत भावजींनी निरोप दिला होता. तो तुम्ही आम्हांला का दिला नाही?"

माणसं उठून गेली. जयसिंगराव म्हणाले, "दिला आसता तर कृष्णात पळाला आसता. मग पोलीस गल्लीतल्या एकेकाला वडत न्हेत बसले आसते. तीस-चाळीस घरं हायती आपली. एका घरात मिटत हुतं ते मिटू दिलं."

"मिटलं?"

"मला वाटलं दोन दिसांत सोडतील. दरवेळी सोडत्यात."

"आणि घरातलंच कुणी बोललं असेल, असं तुम्ही मला का सांगितलंत?"

त्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते पोलिसांकडून काही खातात की खरंच गल्लीसाठी करतात, ते मला कळलं नाही. कदाचित त्यांनाही आता वेगळं करून सांगता येणार नाही. पाटल्यांचं मी विचारलंच नाही.

हे गेल्या सोमवारी जामिनावर घरी आले. हात धड नाहीत. सांडशी उचलली तर बोटं मिटत नाहीत, गळून पडते. मी भरवते तेव्हा भिंतीकडे तोंड करून खातात. परवा दुपारी पोरं शाळेत होती. मी म्हणाले, "पोलीस भावजींना धरायला गावी गेले होते. सुनंदानं कळवलंय."

ह्यांनी ताट पुढ्यातून सरकवलं.

"गोठ्याचं दारसुद्धा माहीत होतं त्यांना. कुणी सांगितलं असेल?"

"ताट उचल."

"आधी बोला."

"सकवार, ताट उचल म्हणतोय न्हवं."

मी ताट उचललं नाही. तशीच बसून राहिले. शेवटी हे म्हणाले, "मी सांगितलं."

"काय?"

"घर, गल्ली, दार. समदं. चोरीचं सोनं बसवंतानं आणून दिलं म्हणालो. ते म्हणायचे, एक नाव दे, मग खाली उतरवतो. पयल्यांदा मी आपल्या गावातल्या एका मेलेल्या माणसाचं नाव दिलं. त्यांना कळलं. मग फुडं मला दुसरं नावच आठवंना. लहानपणापासनं हाक मारायची सवय त्याच नावाची."

मी विचारलं, मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार का केली नाही? म्हणाले, "कुणाची तक्रार करू? मारणाऱ्याची, का माझी?"

सुनंदा, तुझ्या नवऱ्याने दिलं नाही ते नाव माझ्या नवऱ्याने दिलं. मी हे तुझ्यापासून लपवू शकले असते. हे म्हणालेही, लिहू नगंस. पण तू मला सरळ प्रश्न विचारला होतास. मी तुझी माफी मागत नाही. तूही तीन पत्रं गप्प बसलीस. तुझ्या एका ओळीने माझं निम्मं वेड थांबलं असतं.

आता पुढचं. काल स्टेशनातला एक माणूस आला. गोड बोलला. हायकोर्टातली याचिका काढून घ्या, मग बसवंतचं नाव आम्ही सोडून देऊ, कृष्णातची केसही ढिली करू. हे लगेच म्हणाले, काढून टाक. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर जरा जीव आला. भाऊ सुटेल म्हणून.

मी मैत्रेयीबाईंकडे गेले. त्यांनी मला काढू नका असं सांगितलं नाही. "तुमचा हक्क आहे, अक्का," एवढंच म्हणाल्या आणि दुसरी फाईल उघडून बसल्या. त्या फाईल वाचत नव्हत्या, पानंच उलटत होत्या. मला आठवलं, त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या की बायका मधेच काढून घेतात.

मी पायऱ्यांवर जाऊन बसले. विचार केला की ज्यांनी खोटा दिवस लिहिला, खोटी जागा लिहिली, ते भावजींचं नाव सोडतील हे त्यांनी कुठे लिहून दिलंय? आज सोडतील, दिवाळीला पुन्हा चेन चोरीला जाईल आणि पुन्हा गल्लीत मॅटाडोर येईल. तेव्हा कुणाचं नाव काढतील?

याचिका मी ठेवली आहे. ह्यांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलं आहे. तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे.

बाई म्हणतात, भावजींनी येऊन आपल्यावर काय झालं ते सांगितलं तर कोर्टाला नाही म्हणता येणार नाही. एकाचं खोटं म्हणतील, दोघांचं कसं म्हणतील? ते आले तर जामिनाची तजवीज त्या आधी करतील. पण मी त्यांना या असं म्हणणार नाही. कुठल्या तोंडाने म्हणू? ते कुठे आहेत ते मला लिहू नकोस. मला माहीत नसेल तर माझ्या तोंडून ते निघणार नाही. आता मला कुणाच्याच तोंडाची खात्री उरली नाही, माझ्याही.

सकवार


शुक्रवार, ११ एप्रिल

सुनंदा,

बसवंत भावजी काल रात्रीच्या बसने निघाले. हे पत्र पोचेल तेव्हा ते घरी असतील. पण ते तुला काही सांगणार नाहीत, मला माहीत आहे. म्हणून मी लिहिते.

तू माझं पत्र त्यांना वाचून दाखवलंस. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, माझी पिशवी भर. एवढं त्यांनी मला सांगितलं. तू अडवलंस का, रडलीस का, ते काही बोलले नाहीत.

ते आमच्याकडे उतरले नाहीत. मैत्रेयीबाईंच्या ऑफिसात गेले, मग जामिनाचा कागद झाला आणि काल हायकोर्टात आले. काठी घेऊन चालतात. हे आणि मी व्हरांड्यात उभे होतो. भाऊ दिसला तसे हे खांबाच्या मागे सरकले, खरंच सरकले, लहान पोरासारखे. भावजी दुसऱ्या बाकावर बसले. मधे आठ-दहा माणसं.

आत दोन जज्ज होते. सरकारी वकील उभा राहिला आणि म्हणाला, माणूस सापडला, जामिनावर सुटला, आता याचिकेत काय उरलं? शिवाय त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटला सांगितलंय की तक्रार नाही. ते खरंच होतं.

मैत्रेयीबाई म्हणाल्या, माणूस बुधवारी गेला आणि पुढच्या आठवड्यात गुरुवारी पकडला. मधे कुठे होता? मग त्यांनी भावजींचं शपथेवरचं निवेदन दिलं. मोठे जज्ज ते वाचत होते. एका ठिकाणी थांबून त्यांनी चष्मा काढला आणि कन्नडमध्ये विचारलं, "हा बसवंत आलाय का?"

भावजी उठून पुढे गेले. काठी फरशीवर वाजत होती.

"तुमच्याकडून पोलिसांना काय हवं होतं?"

"भावाचं नाव, स्वामी."

"दिलंत?"

"नाही."

"का?"

भावजींना प्रश्नच कळला नाही, असं तोंड झालं त्यांचं. सरकारी वकील म्हणाला, हा स्वतः आरोपी आहे, भावाने याचं नाव दिलंय, हा बोलणारच.

तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. हे पुढे चालत निघाले होते. कुणी बोलावलं नव्हतं. शिपायाने हात आडवा केला, मोठ्या जज्जांनी त्याला खूण केली, येऊ दे.

ह्यांना कन्नड येतं, तुला माहीत आहे. गिऱ्हाइकांशी दिवसभर तेच बोलतात. पण काल मराठीच निघालं. म्हणाले, "साहेब, त्यानं काय केलं न्हाई. त्याचं नाव मी घेतलं, ते खोटं हाय. मला टांगलं हुतं, म्हणून घेतलं. त्या दिवशी मी तक्रार न्हाई म्हणालो. माराची तक्रार माझी आजबी न्हाई. मार खाऊन माणूस बरा हुतो. पण माझ्या तोंडून माझ्या भावाचं नाव काढलं, ती माझी तक्रार हाय. ती लिहून घ्या."

मैत्रेयीबाईंनी ते कन्नडमध्ये सांगितलं. सरकारी वकील खाली बसला.

जज्जांनी हात पुढे करायला सांगितले. हे हात पुढे करून उभे राहिले. बोटं थरथरत होती, ती थांबवायची होती त्यांना, पण थांबत नव्हती. भावजींनी काठी बगलेत धरली आणि आपल्या हाताने ह्यांचे दोन्ही हात खालून धरले. जज्जांना नीट दिसावेत म्हणून. दोघे तसेच उभे होते, बराच वेळ. कुणी सोडा म्हणालं नाही.

हुकूम झाला की जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी करायची, त्या दिवसांत दोघं कुठे होते, कुणी नेलं, सगळं. अहवाल हायकोर्टाला. तोवर पोलिसांनी या दोघांच्या दारात पाऊल टाकायचं नाही.

यातून काय निघेल ते मी सांगू शकत नाही. पॉलिशवाला अजून म्हणतो मी बघितलं नाही. स्टेशनातले तेच लोक त्याच खुर्च्यांवर आहेत. जयसिंगराव काल संध्याकाळी पेढे घेऊन आले, हे त्यांच्याशी बोलले, मी आतून बाहेर आले नाही. त्यांना आनंद झाला की भीती वाटली, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं नसतं.

कोर्टातून बाहेर आल्यावर हे म्हणाले, "पाय कसा हाय?" भावजी म्हणाले, "हाय बरा." मग हॉटेलात इडली खाल्ली. ह्यांना चमचा धरता येत नव्हता, भावजी इडलीचे तुकडे करून ताटलीत ठेवत राहिले आणि आपण दुसरीकडे बघत राहिले. बसस्टँडवर निरोप देताना हे अचानक म्हणाले, "नगरतपेटेतली तुझी भट्टी बंद ठिवू नगंस. भाडं चालू हाय तिचं." भावजी बसमध्ये चढले. खिडकीची जागा असून आमच्या बाजूला तोंड करून उभे राहिले, बस वळेपर्यंत.

आता तुझं काम आहे. चौकशीत विचारतील, भावजींच्या पायांची दशा डॉक्टरने बघितली का? बघितली नाही, तुम्ही भीतीने दवाखान्यात नेलंच नाही. मग ते पाय कुणी बघितले? तू. हळद तू लावलीस, तोंडातली उशी तू बघितलीस. तुला इथे येऊन परक्या पुरुषांसमोर, पोलिसांसमोर ते सगळं सांगावं लागेल. सरकारी वकील तुला खोटी ठरवेल. तू नवऱ्यासाठी बोलतेस म्हणेल. उलटसुलट विचारेल.

मैत्रेयीबाईंनी मला विचारलं, तुमच्या जाऊबाई येतील का? तुमचं तर जमत नाही ना?

मी म्हणाले, जमत नाही. पण ती येईल. लिहून घ्या.

सकवार